चार वर्षं बिघडलेलं पोट आणि अठ्ठावीस हजारांचं पॅनेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ ३६ वर्षांचे, कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहणारे. जुलै २०२१च्या महापुरात आठवडाभर घर सोडून राहावं लागलं, तेव्हा जोराचे जुलाब झाले. जुलाब थांबले, पण पोट पूर्वीसारखं झालं नाही ते आजतागायत. जेवलं की गुबारा धरतो, मुरडा येतो, दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौचाला जावं लागतं. सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी नॉर्मल आली. 'आयबीएस आहे (म्हणजे रचनेत दोष नसताना आतड्याचं काम बिघडलंय), टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगितलं गेलं. दोन महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन आहारसल्लागाराच्या सांगण्यावरून त्यांनी गहू सोडला आणि थोडं बरं वाटलं. आता त्याच सल्लागारानं २८ हजारांचं 'गट हेल्थ पॅनेल' करायला सांगितलं आहे. त्यात दोनशे पदार्थांविरुद्धच्या आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी, आतड्यातल्या जीवाणूंचा नकाशा आणि 'लीकी गट'साठी, म्हणजे आतड्याचं अस्तर पाझरतंय का हे बघायला, झोन्युलिन नावाच्या प्रथिनाची तपासणी आहे. आईला थायरॉइड आहे, आणि हे स्वतः रोज सकाळी व्यायामानंतर गंगावेशीत कट्ट्यावर दूध पितात, हेही त्यांनी लिहिलं आहे. त्यांचा प्रश्न: पॅनेल करू का?

मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅब चालवते. तपासण्या हेच माझं काम आणि त्यावरच माझं घर चालतं, त्यामुळे कुणाला 'तपासणी करू नका' असं मी सहसा म्हणत नाही. तुम्हाला म्हणते: हे पॅनेल आत्ता करू नका. आणि गहू उद्यापासून पुन्हा खायला लागा.

दुसरं वाक्य वाचून तुम्ही चमकला असाल, म्हणून आधी त्याचंच कारण सांगते. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं, त्या आजाराला सीलिअॅक म्हणतात. उत्तर भारतात तो जास्त दिसतो, पण ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आपल्या भागातही तो सापडतो, मी स्वतः रिपोर्ट केले आहेत. तो ओळखायला रक्तातली टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची तपासणी करतात, सोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) बघतात, कारण काही जणांत आयजीएच मुळात कमी असतं आणि मग टीटीजी खोटं निगेटिव्ह येतं. ही तपासणी चांगली आहे, पण एका अटीवर: माणूस गहू खात असला पाहिजे. गहू थांबला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि अस्तर भरून यायला लागतं. मग रक्तही 'नॉर्मल' आणि बायोप्सीही 'नॉर्मल'. तुम्ही दोन महिने गहू बंद केलाय. आज रक्त दिलंत आणि निगेटिव्ह आलं, तर त्या कागदाला काडीचीही किंमत नाही. रोज निदान दोन चपात्या सहा ते आठ आठवडे खा आणि मग रक्त द्या. थायरॉइडचा काही प्रकार प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होतो आणि त्याच्या जोडीनं सीलिअॅक असण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते. म्हणून तुमच्या आईचा उल्लेख वाचून मला ही तपासणी पहिल्या रांगेत घ्यावीशी वाटते. 'गहू सोडून बघा' असं सांगण्याआधी एक रक्ताचा नमुना घ्यायला हवा होता. तुमच्या सल्लागारानं केलेली ही चूक मी दर महिन्याला बघते आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण दुरुस्त करायला रुग्णाला पुन्हा दोन महिने त्रास काढावा लागतो.

'पण गहू सोडून मला बरं वाटलं ना?' वाटलं असेल, खरंच वाटलं असेल. मात्र त्यावरून ग्लुटेनच दोषी ठरत नाही. गव्हात फ्रुक्टॅन नावाची साखळीदार शर्करा असते. ती माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन जीवाणूंच्या तोंडी पडते आणि गॅस होतो. हेच फ्रुक्टॅन कांद्यात आणि लसणात भरपूर असतं. आता आपल्या जेवणाचा विचार करा. कांदा-लसूण मसाल्याशिवाय कोल्हापुरात भाजी होत नाही. गहू सोडला म्हणजे चपाती गेली, पाव गेला, बिस्किट गेलं आणि पावाबरोबर मिसळही गेली. मिसळीतली मटकी, वरचा कच्चा कांदा, कटातला लसूण हे सगळं एका दमात ताटातून उतरलं. नेमकं कशानं बरं वाटलं, हे असं कळणार कसं?

आता मूळ मुद्दा. सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी नॉर्मल असूनही त्रास होतो, याचा अर्थ तो मनाचा खेळ आहे असा होत नाही. त्या दोन्ही तपासण्या रचना दाखवतात. गुऱ्हाळाचा फोटो काढला तर चरक, चुलवाण, काहील सगळं जागच्या जागी दिसेल, पण गूळ धरत का नाही हे फोटोत दिसणार नाही. त्यासाठी रस तपासावा लागतो, आच बघावी लागते. पचनाचं काम कसं चाललंय हे मोजणाऱ्या तपासण्या याच जातीच्या आणि त्या चांगल्या आहेत, मला त्यांच्याबद्दल खरोखर आस्था आहे. फक्त प्रत्येक तपासणी म्हणजे एक नेमका प्रश्न असतो. तुमच्या बाबतीत माझ्या डोक्यात तीन-चार प्रश्न येतात.

पहिला: आतड्याला सूज आहे का? त्यासाठी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन मोजतात. सूज असेल तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि हे प्रथिन त्यांच्यातून बाहेर पडतं. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला लक्षणीय सूज असण्याची शक्यता फारच कमी. २५०च्या वर असेल तर मोठ्या आतड्याची दुर्बीण टाळू नये. मधला आकडा आला तर घाबरायचं नाही, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करायची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी हा आकडा वाढतो. व्यायामानंतर अंग दुखतं म्हणून तुम्ही गोळी घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा. आणि आपल्या देशात एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे आतड्याचा क्षय. काही वर्षांपूर्वी कागल तालुक्यातला एक तरुण दोन वर्षं 'आयबीएस'च्या गोळ्या खात होता. वजन उतरत होतं, पण घरच्यांना वाटलं पोरगा काटक झाला. त्याचं कॅलप्रोटेक्टिन ८००च्या वर आलं, दुर्बीण झाली आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ क्षयाचे व्रण निघाले. कॅलप्रोटेक्टिन 'क्षय आहे' असं सांगत नाही. क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार असला तरी ते वाढतं, साधा संसर्ग असला तरी वाढतं. 'इथे बघा' एवढंच ते सांगतं आणि त्या मुलाच्या बाबतीत तेवढंच पुरेसं ठरलं.

दुसरा प्रश्न: पुरातला पाहुणा अजून पोटात आहे का? जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी दूषित पाण्यातून येतो, क्लोरिनला सहज दाद देत नाही आणि महिनोन्‌महिने लहान आतड्याला चिकटून राहू शकतो. गुबारा, करपट ढेकर, तेलकट दुर्गंधी शौच ही त्याची खूण. चार वर्षं तो राहिला असेल असं मी म्हणत नाही, तशी शक्यता कमीच आहे, पण तपासणी स्वस्त आहे आणि उपचार सोपा. मात्र नमुना नीट दिला पाहिजे. जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यायचे किंवा अँटिजेन तपासणी करायची. पातळ शौचातले हलते परजीवी बघता बघता मरतात. सकाळी सहाला डबीत घेतलेला नमुना दुकान उघडून, दोन कामं उरकून अकराला आणून दिला तर सूक्ष्मदर्शकाखाली मला काय दिसणार?

इथेच अमिबाबद्दल एक सांगितलं पाहिजे. 'मला अमिबाचा जुनाट त्रास आहे' असं सांगणारी माणसं कोल्हापुरात घरोघर आहेत. रोग करणारा अमिबा आणि निरुपद्रवी अमिबा यांच्या पुटी (कवचातली रूपं) सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात. फरक करायला अँटिजेन किंवा पीसीआर लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९७ सालीच सांगितलं की नुसत्या नजरेनं बघून दिलेल्या रिपोर्टात दोन्ही नावं जोडून लिहावीत. सुरुवातीच्या काळात मीही एकच नाव लिहून मोकळी होत असे. त्या कागदांवर किती जणांनी वर्षानुवर्षं मेट्रोनिडाझोल हे अमिबावरचं औषध गिळलं असेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसरा प्रश्न दुधाचा. तुम्ही तो विचारला नाहीत, पण मला तोच सगळ्यात जवळचा वाटतो. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तराच्या टोकावर असतं. बहुतेक माणसांत ते लहानपणानंतर कमी होत जातं. त्यात जोरदार जुलाब होऊन अस्तर सोललं गेलं तर ते आणखी घटतं, आणि पुन्हा तेवढं भरून येईलच असं नाही. म्हशीच्या दुधाच्या २५० मिलीच्या पेल्यात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. कट्ट्यावरचा पेला मोठा असतो आणि आपल्याकडे एकावर कोण थांबतं! हे मोजायला श्वासाची तपासणी असते. ठरावीक लॅक्टोज पाण्यातून पाजतात आणि दर अर्ध्या तासानं फुंकर घेऊन त्यातला हायड्रोजन मोजतात. माणसाच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत, जीवाणू बनवतात. म्हणजे श्वासात तो वाढला, तर साखर न पचता जीवाणूंपर्यंत पोचली. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) किंवा जास्त वाढ झाली तर तपासणी पॉझिटिव्ह धरतात.

पण रिपोर्ट वाचताना किती लॅक्टोज पाजलं ते विचारा. ५० ग्रॅम म्हणजे एका दमात लिटरभर दूध! त्यावर पॉझिटिव्ह आलेला माणूस दोन कप चहा आणि वाटीभर दही सुखानं पचवू शकतो, कारण दह्यातले जीवाणू स्वतःचं लॅक्टेज घेऊन येतात. तुपात तर लॅक्टोज जवळपास नसतंच. 'पॉझिटिव्ह' वाचून घरातलं दूध, दही, ताक, तूप सगळं बंद करणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. त्यांची हाडं त्याची किंमत मोजतात. पैसे खर्चायचे नसतील तर गरीब माणसाची तपासणीही आहे: दोन आठवडे दूध पूर्ण बंद, मग एके दिवशी उपाशीपोटी दोन पेले, आणि संध्याकाळपर्यंत काय होतं ते लिहून ठेवायचं.

श्वासाच्याच यंत्रावर लहान आतड्यात जीवाणू वाढलेत का, म्हणजे ज्याला सीबो म्हणतात, तेही बघतात. इथे ग्लुकोज किंवा लॅक्टुलोज पाजतात. लॅक्टुलोजवर माझा विश्वास कमी आहे. ज्याचं आतडं वेगानं पुढे ढकलतं, त्याच्यात लॅक्टुलोज ९० मिनिटांच्या आतच मोठ्या आतड्यात पोचतं, आकडा वाढतो आणि सीबो नसताना सीबोचा शिक्का बसतो. तुम्हाला जुलाबाची सवय असल्यामुळे नेमकं तेच होण्याची शक्यता आहे. करायचीच झाली तर ग्लुकोजवर करा, आणि ती पहिल्या फेरीत नको.

स्वादुपिंडाचं इलॅस्टेज हे पाचक विकर शौचात मोजणं वगैरे तुमच्या लक्षणांत मला लगेच गरजेचं वाटत नाही. शौच तेलकट, तरंगणारं असेल किंवा दारूचा इतिहास असेल तर वेगळं. पाण्यासारख्या पातळ नमुन्यात ते विनाकारण कमी दिसतं, हे मात्र लक्षात ठेवा. हिमोग्लोबिनसह रक्ताचा साधा काउंट, शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि साखर एवढं मात्र करून घ्या.

आता तुमच्या त्या पॅनेलकडे येते. आयजीजी ही प्रतिपिंडं आपण जे खातो त्याच्याविरुद्ध शरीरात तयार होतातच. ती ओळखीची खूण आहे, वैराची नाही. रोज भात खाणाऱ्याच्या रक्तात तांदळाविरुद्धचं आयजीजी सापडलं तर तो भात खातो एवढंच सिद्ध होतं. युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ साली आयजीजी-४ या उपप्रकारावर आणि पुढे अमेरिका-कॅनडातल्या संघटनांनीही स्पष्ट भूमिका घेतली की अन्न न सोसण्याचं निदान या तपासणीवर करू नये. तरी रिपोर्ट लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात येतो आणि माणूस तीस-चाळीस पदार्थ सोडून बसतो. एका बाईंच्या ताटात शेवटी नाचणी, दुधी आणि मुगाचं पाणी उरलं होतं. माझ्याकडे आल्या तेव्हा वजन ३८ किलो होतं.

जीवाणूंचा नकाशा हे संशोधनाचं मोठं आणि सुंदर क्षेत्र आहे. पण निरोगी माणसाचा नकाशा कसा असावा याची ठरलेली मर्यादाच अजून नाही, आणि एकच नमुना दोन लॅबना दिला तर दोन उत्तरं येतात. ज्या आकड्यावर डॉक्टरांची पुढची चिठ्ठी बदलत नाही, त्या आकड्याला तुम्ही पैसे का द्यायचे? झोन्युलिनचंही तसंच. २००० साली फसानो या संशोधकांच्या गटानं ते मांडलं आणि त्यातलं विज्ञान रंजक आहे, पण बाजारातले किट झोन्युलिनच मोजतात की भलतंच प्रथिन, यावरच शास्त्रज्ञांत गंभीर शंका आहे.

आणि एक साधा हिशेब. बहुतेक तपासण्यांत निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे 'नॉर्मल' धरलेले असतात. म्हणजे पूर्ण निरोगी माणसानं एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर निदान एक तरी बिघडलेली येण्याची शक्यता ६४ टक्के. तुमच्या पॅनेलमध्ये दोनशेच्या वर ओळी आहेत. लाल ओळी येणारच, आणि त्या प्रत्येक ओळीसाठी कुणीतरी एकेक पावडर विकायला बसलेलं असेल.

समजा सीलिअॅक नाही, कॅलप्रोटेक्टिन ३०, परजीवी नाहीत आणि दूध थोडंफार सोसतं. मग? मग तुम्हाला बहुधा संसर्गानंतरचा आयबीएस आहे, आणि ते 'काही नाही' असं म्हणण्यासारखं नाही. २००४ साली नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या पिण्याच्या पाण्यात जिआर्डिया शिरला. तीन वर्षांनी पाहणी केली तेव्हा ज्यांना तो संसर्ग झाला होता त्यांच्यापैकी सुमारे ४६ टक्क्यांना आयबीएस होता, न झालेल्यांत १४ टक्क्यांना. परजीवी निघून गेला होता, आतड्याच्या नसा मात्र हळव्या राहिल्या होत्या. कॅनडातल्या वॉकर्टन गावात २००० साली पाणी दूषित झालं, तिथल्या रुग्णांत दोन-तीन वर्षांनी सुमारे २८ टक्के असलेलं आयबीएसचं प्रमाण आठ वर्षांनी १५ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे हा त्रास खरा आहे आणि बऱ्याच जणांत तो ओसरतो. तुमचं पाचवं वर्ष चालू आहे. अशा वेळी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलेली, आंबणाऱ्या शर्करा कमी करण्याची आहारपद्धत उपयोगी पडते. ती चार-सहा आठवड्यांपुरतीच असते, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा असतो. आपल्याकडे त्याचा अर्थ प्रामुख्यानं कांदा आणि लसूण. फ्रुक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात नाही. तेलात लसणाच्या पाकळ्या परतून बाहेर काढून टाकल्या तरी वास आणि चव राहते. तांबडा रस्सा असा करून बघा, घरचे ओळखणार नाहीत.

हे सगळं पोटविकाराच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. मी कागद देते, रुग्णाच्या पोटावर हात त्यांचा असतो. पैशांची अडचण असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आधी दाखवा, साध्या तपासण्या तिथून सुरू करता येतात. शौचातून रक्त, कमी होणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्त कमी होणं यातलं काहीही असेल तर वर लिहिलेला क्रम सोडून द्या आणि या आठवड्यातच डॉक्टरांना गाठा.

नसेल तर गहू सुरू करा आणि वही घाला: काय खाल्लं, किती वाजता, शौच कसं झालं. कॅलप्रोटेक्टिन आणि परजीवींच्या नमुन्यांना गव्हासाठी थांबायची गरज नाही, ते याच आठवड्यात द्या. टीटीजी आठ आठवड्यांनी. श्वासाची तपासणी ठरवाल तेव्हा त्याआधी चार आठवडे कुठलंही प्रतिजैविक नको. आदल्या रात्री फक्त पांढरा भात, मीठ, तूप, हवं तर उकडलेलं अंडं. वरण नको, कांदा-लसूण नको, इसबगोल तर मुळीच नको. सकाळी दात घासून, चूळ भरून, चहा न घेता या. त्या दिवशी व्यायामाला सुट्टी द्या, कारण जोरात श्वास घेतला की हायड्रोजनचा आकडा खाली येतो. तीन तास लागतील, सोबत वाचायला काहीतरी आणा.